शून्याचे एक्क्याण्णव टक्के

बिल्डरने जबाबदारी मान्य केली होती. माझ्या सबंध वकिलीत हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच बघत होते, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'गगनस्पर्श होम्स'च्या मोशीच्या साइटवर तिसऱ्या मजल्याची बांबू-फळ्यांची परांची कलंडली आणि कामगार खाली पडला, याला कंपनी एक्क्याण्णव टक्के जबाबदार आहे. पुढची ओळ अशी: पडलेला कामगार हणमंत सोनकांबळे यास कोणतीही इजा झालेली नाही, सबब भरपाई शून्य. शून्याचे एक्क्याण्णव टक्के द्यायला ही माणसं एका पायावर तयार होती!

आणि तो हणमंत माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता, धडधाकट. अंगावर साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"तू पडलास?" मी विचारलं.

"न्हाई, बाई."

"मग कोण पडलं?"

"शिवकांता. माझी बायको. सरकारी दवाखान्यात हाय. कमरंखाली काहीच कळंना झालंय तिला."

मी कपाळाला हात लावला. पुढचं ऐकायच्या आधीच मला अंदाज आला होता, कारण अशा भानगडी मी रोज बघते.

ज्यांचा बांधकामाशी संबंध फक्त फ्लॅटचे हप्ते भरण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. साक्षी पट्टा म्हणजे छाती, कंबर आणि दोन्ही मांड्यांभोवती आवळायचा पट्टा. उंचीवर काम करणाऱ्याने तो घातलाच पाहिजे असा आता कायदा आहे. त्याच्या आतल्या बाजूला नाण्याएवढे सेन्सर असतात आणि ते दोन गोष्टी टिपतात. एक म्हणजे शरीर कुठल्या दिशेने, किती वेगाने हललं. दुसरी म्हणजे स्नायूंमधली बारीकशी वीज. तोल जायला लागला की ते मनाला कळायच्या आधी शरीराला कळतं, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू आपोआप आवळले जातात. माणूस स्वतः फाजील वाकून पडला तर आधी कंबर जाते आणि मग पाय. पायाखालची फळी हलली तर आधी पाय जातात आणि मग कंबर. हा क्रम तपासून यंत्र सांगतं की चूक कुणाची आणि किती टक्के.

विज्ञान म्हणून गोष्ट चोख आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या विज्ञानावर बसून मिशीला पीळ देणाऱ्यांबद्दल. पूर्वीचा पट्टा माणसाला धरून ठेवायचा, त्याचा हुक दोरीत अडकवलेला असायचा. साक्षी आल्यापासून ती दोरी बांधली आहे की नाही हे बघायला कुणी फिरकत नाही. पडल्यावर सगळं कळणारच आहे ना! मग दोरीचा खर्च कशाला? पट्ट्याच्या उद्घाटनाला कुणीतरी भाषण ठोकलं होतं की न्याय आता गरिबाच्या कमरेला बांधला आहे, आणि लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेव्हापासून कामगाराच्या पडण्याचे खटले कोर्टात येत नाहीत. ते 'दायित्व निर्धारण कक्ष' नावाच्या गारेगार ऑफिसात जातात आणि चहा गार व्हायच्या आत निकाली निघतात.

आता सोनकांबळ्यांची भानगड. साइटवर नवरा-बायको 'जोडी' म्हणून लागतात. मजुरी जोडीची, पत्र्याची खोली जोडीची. नोंदणीत नवरा गवंडी आणि बायको बिगारी. बिगारणीने खाली राहायचं, माल कालवायचा, घमेली भरायची, म्हणून तिला पट्टा नाही. पट्ट्याचं भाडं माणशी पडत असल्यामुळे ही वाटणी कंत्राटदारांना भारी पसंत आहे. पण हणमंतला उंचीवर गरगरतं. दुसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी त्याला ओकारी येते. शिवकांता त्याच्याचकडून थापी धरायला शिकली आणि बघता बघता त्याच्या पुढे गेली. मोशीच्या त्या टॉवरचा बाहेरचा गिलावा नऊ महिने तिने केला, हणमंतच्या नावाने, हणमंतचा पट्टा घालून. मुकादमाला हे माहीत होतं, सुपरवायझरला माहीत होतं, वॉचमनच्या कुत्र्यालाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते फक्त कागदाला.

"पट्टा तिच्या अंगावर होता तर मशीन म्हणतं तू पडलास आणि उठून चालायला लागलास, ते कसं?" मी विचारलं.

हणमंत खाली बघत म्हणाला, "काढला मी."

"कधी?"

"ती पडल्या पडल्या. पट्ट्याचा भोंगा वाजायला लागला, बाई. मुकादम मामा रोज सांगायचे, पट्टा दुसऱ्याच्या अंगावर घावला की जोडी बाद, उभ्या महाराष्ट्रात परत काम भेटणार न्हाई. ती रेतीवर पडलेली. मला काय सुचलंच न्हाई. पट्टा काढला, माझ्या अंगात घातला आन् उभा राहिलो."

असा हा प्रकार. यंत्राच्या लेखी हणमंत सोनकांबळे तिसऱ्या मजल्यावरून पडला, थोडा वेळ निजला आणि उठून चालू लागला. अहवालात एक शेरा होता: 'पुढच्या वीस पावलांच्या चालीत बदल आढळतो, भीतीमुळे असावा.' आणि शिवकांता? तिच्या अंगावर पट्टा नव्हता, म्हणजे ती उंचीवर नव्हती, म्हणजे ती पडलीच नाही. हा अहवाल लिहिणाऱ्या शहाण्याला लाखाचा पगार आहे.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. शिवकांता उताणी, मानेला आधार लावलेला, पण डोळे असे लख्ख की समोरच्याने बसायच्या आधी परवानगी घ्यावी. शेजारी स्टुलावर केळी घेऊन व्यंकटमामा बसला होता. हा तिचा सख्खा मामा आणि मोशीच्या साइटचा मुकादमही तोच. मुखेडहून पन्नास जोड्या त्यानेच आणल्या होत्या.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मणक्यात बसवायचं एक यंत्र आता निघालं आहे. तुटलेल्या जागेच्या वरून निघालेला मेंदूचा निरोप ते खाली पायांपर्यंत पोचवतं. महिन्याभरात बसवलं तर ती काठीने चालू शकेल, उशीर झाला तर उपयोग नाही. कामावर पडलेल्या कामगाराला ते मालकाच्या खर्चाने बसवून मिळतं. बाकीच्यांनी त्याचं नावही काढू नये, इतकं ते महाग आहे. म्हणजे शिवकांताचे पाय एकाच गोष्टीवर अडले होते. ती कामावर असताना पडली, हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

आणि त्याच वेळी हा मामा कंपनीचा निरोप घेऊन आला होता.

"साहेब म्हणायलेत," मामा केळं सोलत म्हणाला, "की लिहून द्यायचं, शिवकांता नवऱ्याला डबा द्यायला आल्ती आन् आपल्या मनानं वर चढली. मग दवाखान्याचं बिल ते माणुसकीनं भरतेत."

"माणुसकीनं!" मी म्हटलं. "डबा द्यायला आलेल्या बाईला पायांचं यंत्र मिळत नाही, हे सांगितलं का साहेबांनी?"

मामाने सोललेलं केळं परत पिशवीत ठेवलं. "बाई, तुमचं बराबर हाय. पण एका जोडीला एकच पट्टा दिला, हे भाईर आलं की माझ्या गळ्यात येतंय. कंत्राटात तसं लिव्हलंय."

लिहिलेलं होतंच. बिल्डरने कंत्राटदारावर ढकललं, कंत्राटदाराने पोटकंत्राटदारावर, त्याने मुकादमावर. टॉवर बांधताना माल खालून वर जातो, जबाबदारी मात्र वरून खाली येते, आणि सगळ्यांत खाली उभा असलेला माणूस ती झेलतो. हे कलम ज्यांनी लिहिलं ते वकील माझ्याच कॉलेजात शिकलेले आहेत, याची मला मनापासून लाज वाटते.

"मामा," शिवकांता म्हणाली, "डबा द्यायला? मी? चारी बाजूचा गिलावा कुणी केला त्या बिल्डिंगीचा?"

"तूच केलास, माय. मी काय न्हाई म्हणलो?"

"मग तसं सांगा." ती माझ्याकडे वळली. वळली म्हणजे नुसते डोळे वळवले. "बाई, मी कामावर पडले. येवढं लिहून आणा मला."

आता सगळं हणमंतवर होतं. खरं सांगितलं तर त्याची नोंदणी रद्द, गवंडीकाम कायमचं बंद, आणि बायकोच्या मामाला तुरुंग. गप्प बसला तर काम शाबूत, मामा शाबूत, आणि बायको जन्मभर खाटेवर. तो दाराशी उभा राहून मामाकडे बघत होता, मग बायकोकडे, मग परत मामाकडे. मला त्याचा संताप आला. असल्या गोष्टीला इतका विचार लागतो?

"सांगतो मी," शेवटी तो म्हणाला. मामा उठला आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी कक्षात सुनावणी लागली. निर्धारण अधिकारी शेंडगे नावाचे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, पण स्क्रीनला विचारल्याशिवाय त्यांना बाहेर ऊन आहे की नाही हेही सांगता आलं नसतं. कंपनीकडून ॲडव्होकेट ऋत्विज देवस्थळी आले होते. वय कोवळं, बूट आरशासारखे, आणि बोलणं असं की आपण सगळे त्यांच्या क्लासला बसलो आहोत. हणमंतने खरं काय घडलं ते सांगितल्यावर ते हसले.

"मॅडम, साक्षी पट्टा फसत नाही. प्रत्येकाची चाल वेगळी असते. कंबर किती झुलते, कुठला पाय जड पडतो, पावलांत किती अंतर राहतं. पट्टा पहिल्या काही आठवड्यांत हे शिकतो आणि मग मालकाला बरोब्बर ओळखतो. नऊ महिने त्याने हणमंत सोनकांबळेला ओळखलं आहे. दुसऱ्याने घातला असता तर पन्नास पावलांत लाल दिवा लागला असता."

"शंभर टक्के?" मी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग साहेब, घालू द्या हणमंतला त्याचा पट्टा. चालू द्या की पन्नास पावलं!"

शेंडग्यांनी पट्टा मागवला. हणमंतने तो अंगात चढवला आणि व्हरांड्यातून चालायला लागला. आम्ही सगळे दारात उभे. तो टोकाला जाऊन वळला, परत आला, आणि छातीवरचा दिवा लाल झाला. पट्ट्यातून गोड बायकी आवाज आला, 'अनोळखी व्यक्ती. कृपया पट्टा मालकाला परत करा.'

अहो, काय सांगू, इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं. पट्टा पहिल्या दिवसापासून शिवकांताचीच चाल शिकला होता. त्याच्या लेखी हणमंत सोनकांबळे म्हणजे ती. पट्टा फसत नाही ना? मग पडली ती शिवकांता. पट्टा फसतो? तर आजवर या कक्षाने दिलेले सगळे निकाल रद्दीत घाला. "बोला, देवस्थळी, दोनांतलं कुठलं हवं?" मी विचारलं.

देवस्थळी फोन घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर तेच हसू. तिथेच मला शंका यायला हवी होती.

"मान्य," ते म्हणाले. "पडल्या त्या शिवकांताबाईच. मग आता ही नोंद त्यांची म्हणून पुन्हा वाचू या."

त्यांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर आलेख लावला. पडण्याची रेघ, आपटल्याची रेघ. "हे बघा, आपटल्यानंतरसुद्धा दोन्ही मांड्यांच्या स्नायूंत वीज आहे. म्हणजे पाय जिवंत आहेत, बाई ते हलवतायत. हाड मोडलंय, पण आतला मज्जारज्जू शाबूत आहे. आणि आता हे बघा. कुणीतरी छातीचा पट्टा ओढतंय, शरीर कुशीवर फिरतंय, कमरेला पीळ बसतोय." त्यांनी बोट ठेवलं. तिथून पुढे मांड्यांच्या दोन्ही रेघा सपाट होत्या, आणि मांड्यांचे पट्टे तर अजून सुटायचे होते. "पडण्याची जबाबदारी आमची, आम्ही ती कधीच नाकारली नाही. पण बाईंचे पाय पडल्यामुळे गेलेले नाहीत. ते पट्टा काढताना गेले. यंत्र नव्याने चालवलं तर पांगळेपणाची जवळजवळ सगळी जबाबदारी पतीवर येते."

यंत्र चालवलं. आलीच.

"म्हंजी काय झालं, बाई?" हणमंतने मला विचारलं. त्याला त्या रेघांतलं काही कळलं नव्हतं.

ते सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, कारण याला अवघड शब्द नाहीतच. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली फरशीवर बसला, पट्टा अजून अंगात तसाच. मला त्याचा संताप येत होता ना आदल्या दिवशी? तो सगळा जागच्या जागी विरला. त्या क्षणी त्या देवस्थळीच्या थोबाडात द्यावी असं वाटलं, आणि हे मी इथे शुद्धीवर राहून सांगते आहे.

"त्याने पट्टा का काढला हे विचारा ना!" मी शेंडग्यांना म्हणाले. "बायको खाली पडलीय आणि नवरा तिची बक्कलं सोडतोय, असं कुठल्या माणसाला सुचेल? जोडी बाद करायची भीती रोज सकाळी यांनीच घातली. नियम यांचा, धाक यांचा."

"नियम कुणाला कुशीवर फिरवत नाही, मॅडम," देवस्थळी म्हणाले. "हात फिरवतात."

शेंडग्यांनी बराच वेळ कायद्याची पानं वरखाली केली. मग म्हणाले की एक कलम आहे. अपघातात सापडलेल्या कामगाराने स्वतःच नियमाच्या धाकाने काही केलं किंवा करवून घेतलं, तर त्याची जबाबदारी नियम करणाऱ्याची. पण पतीने आपल्या मनाने केलं असेल तर ते लागू होत नाही. तेव्हा बाईंचा जबाब घ्यावा लागेल.

जबाब दवाखान्यात घेतला. हणमंत येत नव्हता, त्याला मी दंडाला धरून आणलं. देवस्थळींनी खाटेशी उभं राहून तो आलेख शिवकांताला समजावून दिला, अगदी हौसेने, टॅब तिच्या डोळ्यांसमोर धरून. तुमचे पाय इथपर्यंत होते, इथून पुढे नाहीत, आणि मधे हे तुमचे पती. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज माणसं बघितली आहेत, पण आजारी बाईपुढे असं प्रेझेंटेशन करणारा हाच.

शिवकांताने सगळं ऐकून घेतलं. ती हणमंतकडे बघत राहिली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"बाई," शेंडगे म्हणाले, "तुमच्या पतीने पट्टा काढला, तो स्वतःच्या मनाने काढला का?"

"न्हाई, साहेब," ती म्हणाली. "मीच म्हणले त्याला. भोंगा वाजायला लागला तवा मीच म्हणले, पट्टा काढ लवकर, मामा आले तर जोडी बाद हुईल."

"तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत होता?" देवस्थळींनी विचारलं. "याला पुरावा काय?"

"तुमची मशीन हाय की. तिला इचारा मी काय बोलले ते."

मशीनला ते माहीत नव्हतं. पट्ट्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये मायक्रोफोन होता, पण त्यात सुपरवायझरांच्या शिव्या नोंदल्या जायला लागल्या, तेव्हा बिल्डरांच्याच संघटनेने मागणी करून तो काढायला लावला होता. देवस्थळींनी तिच्या डोळ्यांसमोर धरलेला टॅब खाली घेतला.

शेंडग्यांनी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर टॅब ठेवून आदेश लिहिला. यंत्राने एक आकडा दिला होता, तो खोडून त्यांनी आपल्या बोटाने दुसरा लिहिला, आणि तसं करताना त्यांना घाम आला. शिवकांता सोनकांबळे, गवंडी, कामावर असताना पडल्या. पडणं आणि त्यानंतरचं सगळं कंपनीच्या माथी, आणि ते खाली मुकादमावर ढकलता येणार नाही. मणक्याचं यंत्र पंधरवड्याच्या आत. देवस्थळी कुणाचाही निरोप न घेता निघून गेले.

मी शिवकांताला आदेश वाचून दाखवला. 'गवंडी' हा शब्द तिने दोनदा वाचायला लावला.

"धीराची आहेस गं," मी म्हटलं. "त्या अवस्थेत तुला तेवढं बोलायला सुचलं, म्हणून आज सगळं तरलं."

"मी काहीच म्हणले नव्हते, बाई," ती म्हणाली. "तोंडात रेती व्हती. थांब, थांब म्हणायलते, आवाजच फुटंना."

हणमंतने भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"आन् ह्याला वाचवायला न्हाई बोलले," ती पुढे म्हणाली. "त्या बूटवाल्याला सुटू द्यायचं नव्हतं. ह्याचे किती टक्के ते मी काढते. माझे पाय हायेत, माझा नवरा हाय. त्यात मशिनीचा काय संबंध?"

वकिलाने ऐकू नये असं बरंच काही असतं. मी पिशवी उचलली आणि चपला पायांत सरकवायला लागले.

"हणमंता," शिवकांता म्हणाली. "इकडं ये. पाठ भाजल्यावानी झाली. कूस बदलून दे."

तो खाटेपाशी आला. नर्सने कसं धरायचं ते त्याला दाखवलेलं होतं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. त्याने हात पुढे केले, पण ते तिच्या अंगाला लागेनात.

"नर्सला बोलवतो," तो कसाबसा म्हणाला.

"नर्स न्हाई," ती म्हणाली. "तू."